नाशिक ते फ्रँकफर्ट: संथ उतरणाऱ्या फाइलचा माग

२०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १४ जीबीची फाइल साधारण साडेनऊ मिनिटांत उतरायला हवी. माझ्या लॅपटॉपवर तिला जवळजवळ तेवीस तास लागतील असं दिसत होतं.

हा हिशोब आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये विकतात (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि ब्राउझर तो मेगाबाइटमध्ये दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून २०० ला ८ ने भागायचं. सगळं सुरळीत असेल तर सेकंदाला २५ मेगाबाइट यायला हवेत. मला येत होते १७० किलोबाइट. इतकी मोठी तफावत ‘नेट आज जरा स्लो आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

मी घरून व्हिडिओ संपादनाचं काम करते. माझा मावसभाऊ फ्रँकफर्टला असतो. आमचं आजोळ निफाड तालुक्यातलं पिंपळगाव. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून, द्राक्षबागा येण्याआधीचं गाव त्यांच्या तोंडून ऐकून ते चित्रित करून ठेवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तो सुट्टीत आला, कॅमेरा घेऊन गावभर फिरला आणि परत जाऊन सगळं चित्रीकरण तिथल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं. ते नाशिकला उतरवून घेऊन जुळवायचं काम माझं. त्या मुलाखतींतले एक आजोबा आता नाहीत. त्यांची फाइल पडद्यावर अर्ध्या टक्क्यावर अडलेली पाहून मी ठरवलं की हे नीट समजून घ्यायचं आणि मुळापासून दुरुस्त करून घ्यायचं.

या कामासाठीच मी प्लॅन ५० वरून २०० वर नेला होता. तरी मागच्या खोलीत वायफायवर वेग २८-३० च्या पुढे जाईना. अशा वेळी सगळे जण जे करतात त्याच्या बरोबर उलट करायचं असतं. राउटर बंद-चालू करणं, फोन विमान मोडवर टाकून परत काढणं, डीएनएस बदलणं, हे सगळं एकदम केलं आणि वेग सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि दोन दिवसांनी परत घसरला तर पुन्हा सुरुवातीपासून. म्हणून मी वाटेचे तुकडे पाडले. सर्व्हरपासून माझ्या लॅपटॉपपर्यंतची वाट म्हणजे फ्रँकफर्ट ते मुंबई, मुंबई ते आमच्या ऑपरेटरचं नाशिकमधलं ऑफिस, तिथून फायबरने आमची इमारत, दारावरचा फायबरचा डबा, तिथून हॉलमधला राउटर आणि शेवटी वायफाय. एका वेळी एकच तुकडा मोजायचा, आणि सुरुवात आपल्या बाजूने करायची, कारण तो भाग आपल्या हातात असतो.

वायफाय बाजूला ठेवलं आणि लॅपटॉप थेट राउटरला वायरने जोडला. स्पीड टेस्टने ९४ दाखवले. पुन्हा घेतली, पुन्हा ९४. सकाळी ९४, दुपारी ९४.

हा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. रहदारीमुळे किंवा खराब लाइनमुळे वेग पडतो तेव्हा आकडा हलतो, कधी ६०, कधी ११०, कधी ८२. ९४ वर खिळून बसलेला वेग म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांत विभागून जाते. शंभरातले पाच-सहा प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यांत आणि इतर नोंदींत जातात, हातात ९४-९५ उरतात. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये राउटरशी असलेला दुवा १००० दिसत होता, म्हणजे माझ्या हातातली वायर ठीक होती. राउटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, तर ज्या पोर्टातून इंटरनेट आत येतं त्याच्यापुढे १०० लिहिलेलं. म्हणजे दोष दारावरच्या डब्यापासून हॉलमधल्या राउटरपर्यंतच्या वायरमध्ये. ही वायर भिंतीच्या आतल्या पाइपातून येते, सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही.

तिच्या टोकाचं प्लगचं प्लास्टिक पारदर्शक असतं. प्लग काढून खिडकीच्या उजेडात धरला. आत आठ तारा असायला हव्या होत्या, दिसल्या चारच: केशरी, केशरी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी. निळी आणि तपकिरी जोडी नव्हतीच. दारावरचा डबा उघडल्यावर ती सापडली. वायरचं वरचं आवरण सोलून त्या चार तारा वेगळ्या काढल्या होत्या आणि सोसायटीच्या इंटरकॉमला जोडल्या होत्या.

१०० एमबीपीएसच्या इथरनेटला दोन जोड्या म्हणजे चारच तारा लागतात, त्यामुळे इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १९९९ मध्ये त्याचं मानक आलं तेव्हापासून ते तसंच आहे. आठ तारा मिळाल्या नाहीत की बहुतेक यंत्रं मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. कुठे लाल दिवा लागत नाही, काही सूचना येत नाही. ज्याने ही जोडणी केली त्याला मी दोष देणार नाही. पाइप एकच, त्यात दुसरी वायर जाईना, इंटरकॉम हवाच होता आणि तेव्हा घरात ५० चा प्लॅन होता. त्या दिवशी ते काम चोखच होतं.

आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने स्प्रिंग घालून पाइपातून नवी कॅट सिक्स वायर ओढून दिली आणि जुनी पूर्ण इंटरकॉमला ठेवली. वायर घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचारून घ्यायलाच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते, स्वस्त असते आणि वरून अगदी सारखी दिसते. भिंतीत एकदा गेलेली वायर पुन्हा कोणी काढत नाही, म्हणून शुद्ध तांब्याचीच घ्यावी. प्लग बसल्यावर राउटरच्या पानावर १००० उमटलं आणि स्पीड टेस्ट १९६ वर गेली.

मी लगेच फ्रँकफर्टची फाइल लावली. वेग तोच, १७० किलोबाइट.

इथे खरी शोधाशोध सुरू झाली. ऑपरेटरच्या अॅपवर तक्रार नोंदवली, नोंदणी क्रमांक आला, आणि कोणी घरी न येताच ‘तक्रारीचं निराकरण झालं आहे’ असा मेसेजही आला. पुन्हा फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर मिळालं की समुद्रातली केबल तुटली आहे, परदेशी साइट स्लो चालणारच. असं होतं हे खरं. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं होतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्यावरही आशिया-युरोप वाहतुकीला फटका बसला. पण ‘असं होऊ शकतं’ आणि ‘माझ्याकडे तेच झालंय’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि दुसरी तपासता येते.

तपासण्याचे दोन उपाय अगदी साधे निघाले. भावाला त्याच्या घरून तीच फाइल उतरवायला सांगितली. त्याच्याकडे ती झरझर आली, म्हणजे सर्व्हर सुस्त नव्हता. मग माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप त्यावर घेतला आणि तीच फाइल लावली. मोबाइल नेटवर ती सेकंदाला चार मेगाबाइटने येऊ लागली. लॅपटॉप तोच, फाइल तीच, फ्रँकफर्ट तितकंच दूर, वाटेत समुद्रही आहेच. बदललं होतं फक्त माझं घरचं कनेक्शन. या एका चाचणीने लॅपटॉपमधला अँटीव्हायरस, हार्ड डिस्क आणि सर्व्हर हे संशयित एका झटक्यात सुटले, आणि समुद्रातल्या केबलवरचा संशयही बराच कमी झाला. ज्यांच्याकडे घरच्या नेटबद्दल तक्रार आहे त्यांना मी आता पहिल्यांदा हेच करायला सांगते.

ऑपरेटरकडून एक तरुण लाइनमन आला. त्याने फोनवर स्पीड टेस्ट लावली, १९० च्या वर आकडा गेला.

“ताई, स्पीड तर फुल्ल येतोय.”

“दादा, स्पीड येतोय हे मलाही दिसतंय. पण फाइल उतरत नाहीये, ते बघा ना.”

“तिकडचा सर्व्हर स्लो असेल.”

मी त्याला हॉटस्पॉटवर तीच फाइल लावून दाखवली. तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “हे वेगळंच आहे काहीतरी. मी ऑफिसात विचारून येतो.” त्याचं हे वागणं मला फार आवडलं. समोर दिसतंय ते त्याने नाकारलं नाही.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही, पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते. ती जवळचा सर्व्हर निवडते, नाशिक-मुंबईचा, पुष्कळदा ऑपरेटरच्या स्वतःच्याच जाळ्यातला. आणि ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून सगळ्यांचा वेग बेरीज करून दाखवते. माझी फाइल एकाच जोडणीवरून आणि हजारो किलोमीटर दुरून येत होती. या दोन फरकांमध्येच दोष लपून बसला होता.

मी लॅपटॉपवर पिंग लावलं, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी पाकिटं पाठवून उत्तर किती वेळात येतं आणि किती हरवतात ते मोजलं, वायरवरून, घरातलं बाकी सगळं बंद ठेवून. आधी स्वतःच्या राउटरला: एक मिलिसेकंद, हजार पाकिटांतलं एकही हरवलं नाही. मग वाटेतली यंत्रं क्रमाने दाखवणाऱ्या ट्रेसरूटने ऑपरेटरकडचा पहिला पत्ता शोधला आणि त्याला हजार पाकिटं पाठवली. पाच-सहा हरवली. मग त्याच्याही पुढच्या, क्लाउडफ्लेअर कंपनीच्या १.१.१.१ या सार्वजनिक पत्त्याला पाठवली. तिथेही हजारात पाच-सहाच. ही शेवटची पायरी गाळू नये. मधली यंत्रं पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम समजतात आणि कामाच्या गर्दीत ते टाळतात, त्यामुळे मध्येच एका ठिकाणी तूट दिसली आणि पुढे दिसली नाही तर ती तूट खरी नसते. माझ्याकडे पहिल्या पत्त्यावर दिसलेली तूट शेवटपर्यंत तशीच टिकत होती. म्हणजे पाकिटं माझ्या राउटर आणि ऑपरेटरच्या ऑफिसच्या मध्येच हरवत होती.

अर्धा टक्का. ऐकायला काहीच नाही. एवढ्याने वेग दीडशेव्या हिश्श्यावर कसा येईल?

याचं उत्तर टीसीपी नावाच्या व्यवस्थेत आहे, आणि त्यामागचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचं विद्यापीठ यांच्यातला दुवा कोसळला. दोन्हींमध्ये अंतर चारशे यार्डांचं, दुवा ३२ हजार बिटांचा, आणि वेग पडून सेकंदाला ४० बिट झाला. सगळीच यंत्रं हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो तोडगा १९८८ मध्ये मांडला, त्यावर आजचं इंटरनेट चालतं: पाकीट हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समजायचं, वेग एकदम खाली आणायचा, आणि मग पोच मिळत जाईल तसा हळूहळू वाढवायचा. हा सगळ्यांच्या भल्याचा नियम आहे. पण पाकीट गर्दीमुळे हरवलं की खराब फायबरमुळे, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. तो दोन्ही वेळा पाऊल मागे घेतो.

आणि वेग पुन्हा किती लवकर वाढणार हे पोच किती लवकर येते त्यावर ठरतं. मुंबईची पोच मला ८ मिलिसेकंदांत येते, फ्रँकफर्टची सुमारे १५०. जवळच्या सर्व्हरशी बोलताना जोडणी पडते आणि लगेच सावरते. दूरच्या सर्व्हरशी बोलताना सावरायच्या आतच पुढचं पाकीट हरवतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक ढोबळ सूत्र आहे, त्यानुसार एका जोडणीचा वेग पोच यायला लागणाऱ्या वेळेच्या आणि तुटीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यात माझे आकडे घातले: मुंबईसाठी एका जोडणीला सुमारे २५ एमबीपीएस, आणि फ्रँकफर्टसाठी अवघे १.३, म्हणजे सेकंदाला १६५ किलोबाइट. स्पीड टेस्टच्या आठ जोडण्या धरल्या तर पंचवीस गुणिले आठ, दोनशे. पडद्यावरचे दोन्ही आकडे, फुल्ल स्पीड आणि रखडलेली फाइल, एकाच कारणातून बाहेर आले. कागदावर हे जुळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ताळा म्हणून फाइल डाउनलोड मॅनेजरमध्ये टाकून आठ तुकड्यांत लावली. वेग जवळजवळ आठपट झाला. कोणी मुद्दाम वेग दाबत असतं तर जोडण्या वाढवून सहसा असं झालं नसतं.

आता पाकिटं हरवतात कुठे? फायबरच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा एक आकडा असतो. त्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक डब्यांच्या तळाच्या स्टिकरवर असतो. नसेल तर लाइनमनला दाखवायला सांगावं. माझ्याकडे तो आकडा होता उणे २८.४ डीबीएम.

हे मोजमाप समजून घेतलं की लाइनमनशी बोलणं फार सोपं होतं. उणे ३० डीबीएम म्हणजे एक मायक्रोवॉट, उणे २० म्हणजे दहा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. घरगुती फायबरच्या जाळ्याचं जे जीपॉन नावाचं मानक आहे, त्यातल्या नेहमीच्या वर्गात घरच्या डब्याला उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचता यावा अशी अपेक्षा आहे. त्याच्याखाली गेलं की डबा बंद पडेलच असं नाही. तो वाचत राहतो, पण चुकत चुकत, आणि त्या चुका म्हणजेच हरवलेली पाकिटं. लाल दिवा लागतो तो प्रकाश जवळजवळ संपल्यावर. म्हणून ‘दिवे हिरवे आहेत ना, मग लाइन ठीक आहे’ हे खरं नाही.

मी पिंगच्या नोंदी, वेळा आणि आरएक्स पॉवरचे आकडे एका कागदावर लिहून ठेवले होते. पाऊस पडून गेला की आकडा आणखी अर्ध्या डीबीने खाली जायचा, तेही त्यात होतं. तोच लाइनमन परत आला तेव्हा तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने पहिल्या ओळीतच मान डोलावली.

“उणे अठ्ठावीस? ताई, हे आधी सांगायचं होतं. आमच्याकडे वीस-बावीस चांगलं धरतात. पंचवीसच्या पुढे गेलं की बघायलाच लागतं.”

“घरात काही नाहीये ना? मी वायर कुठे वाकवलेली नाही.”

“घरातलं ठीक दिसतंय. चला, गच्चीवर जाऊ.”

गच्ची ओली होती, वर ढग. आमच्या भागात फायबर खांबांवरून आणि गच्च्यांवरून येतं, शेजारच्या इमारतीवरून आमच्या टाकीजवळच्या जॉइंट बॉक्समध्ये. पावसाळ्यापूर्वी झाडं छाटताना, रंगकामाची परांची बांधताना, मंडपाचे बांबू उभारताना ही वायर ओढली जाते आणि मग कोणीतरी ती चांगल्या हेतूने बांधून ठेवतं. आमची वायर कठड्याच्या कोपऱ्यावर बाइंडिंग वायरने इतकी घट्ट आवळली होती की तिथे काटकोन झाला होता. फायबर तुटत नाही, पण असं वाकलं की प्रकाश बाहेर निसटतो. लांब तरंगलांबीला हा त्रास जास्त होतो, आणि जीपॉनमध्ये आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, आपल्याकडून जाणारा १३१० चा. म्हणजे अशा वाकण्याचा फटका अपलोडपेक्षा डाउनलोडला अधिक बसतो.

त्याने गाठ सोडून वायरला मोठा वळसा दिला. पॉवर मीटरवर उणे २५ च्या आसपास आलं. मला वाटलं झालं. तो म्हणाला, “थांबा, अजून आहे,” आणि जॉइंट बॉक्स उघडला.

आत एका हिरव्या कनेक्टरसमोर निळा कनेक्टर खुपसलेला होता. हे दोन रंग सजावटीसाठी नसतात. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकाच खाचेत बसतात, पण काचेला काच टेकत नाही, मध्ये हवेची फट राहते आणि प्रकाशाचा मोठा भाग तिथेच वाया जातो. आधीच्या कोणत्यातरी दुरुस्तीत हाताशी होता तो कनेक्टर लावला गेला असणार. त्याने निळा कापून टाकला, नवा हिरवा बसवला, टोक अल्कोहोलने पुसलं आणि मीटर लावला. उणे २१.६.

पावणेसात डीबीचा फरक. म्हणजे आधीच्या जवळजवळ पाचपट प्रकाश, त्याच काचेतून.

हे काम करताना तो फायबरच्या टोकाकडे चुकूनही डोळा नेत नव्हता. ही काळजी घरच्यांनीही घ्यायला हवी, कारण हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही; अंधार दिसतो म्हणून तिथे काही नाही असं समजून आत डोकावायचं नाही. आणि फायबरचा कापलेला बारीक तुकडा त्वचेत शिरला तर सापडत नाही. त्याने प्रत्येक तुकडा एका डबीत गोळा केला.

खाली येऊन हजार पिंग लावले. एकही हरवलं नाही. फाइल लावली तर एकाच जोडणीवर सेकंदाला अकरा मेगाबाइट. १४ जीबीचे ते आजोबा वीस-बावीस मिनिटांत नाशिकला पोचले. लाइनमन चहा पीत उभा होता, त्याला मी पहिली दोन मिनिटं लावून दाखवली. आजोबा त्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या पहिल्या वेली कशा आणल्या ते सांगतायत. “माझे आजोबा पण पिंपळगावचेच,” तो म्हणाला.

वायफायचं काम त्यानंतर अर्ध्या तासाचं होतं. राउटर टीव्हीच्या मागून काढून उंच जागी ठेवला. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवरून ५ वर घेतला, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि इमारतीतले सगळे राउटर तिथेच दाटीवाटीने बसलेले. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी जातं, आणि माझ्या खोलीच्या भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं आहे, म्हणून त्या खोलीत सरळ एक वायर नेली. ज्या टेबलावर रोज काम होतं तिथे वायर असावी असं माझं ठाम मत आहे.

राहिली संध्याकाळ. रात्री नऊच्या सुमारास वेग पडतो अशी तक्रार आमच्या इमारतीत सगळ्यांचीच होती. त्यातला एक भाग घरातला निघाला. घरातले सगळे फोन त्याच वेळी वायफायवर येऊन दिवसभराचे फोटो वर चढवायला लागतात. अपलोड भरून गेलं की डाउनलोडची पोच त्याच रांगेत अडकते आणि डाउनलोडही मंदावतं. अपलोड चालू असताना पिंग ८ वरून २०० च्या वर जातंय हे पाहिलं की खात्री पटते. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली, तर रांग राउटरकडे राहते आणि तो ती नीट हाताळू शकतो. ते केल्यावर पिंग आटोक्यात आलं.

दुसरा भाग ऑपरेटरचा. जीपॉनच्या एका धाग्यावर खाली येणारा एकूण वेग सुमारे २.५ गिगाबिट असतो आणि तो स्प्लिटरमधून बहुधा ३२ घरांत वाटला जातो. बत्तीस घरांनी दोनशेचा प्लॅन घेतला तर विकलेला वेग ६.४ गिगाबिट होतो. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत या भरवशावर हे चालतं, आणि बहुतेक वेळा ठीक चालतंही. पण धाग्याच्या पलीकडे, ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून घेतलेली क्षमताही तशीच भागून दिलेली असते, आणि नऊ वाजता ताण तिथे येतो. यावर घरात बसून काही करता येत नाही, नोंदी ठेवून मागणी करता येते. वायरवर, इतर सगळं बंद ठेवून, रोज त्याच वेळी घेतलेले आकडे आम्ही काही घरांनी मिळून एकत्र केले आणि एकाच पत्रात दिले.

तक्रार नोंदवताना क्रमांक जपून ठेवायचा. दूरसंचार नियामक असलेली ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे, त्यासाठी तो क्रमांक लागतो. परस्पर बंद केलेल्या तक्रारीचा मेसेजही पुसू नये, अपिलात तो पुरावा ठरतो. आम्हाला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. पत्रानंतर ऑपरेटरने वरची क्षमता वाढवली असं सांगितलं, आणि रात्रीचे आकडे ६०-७० वरून १५० पर्यंत आले आहेत. दोनशे अजून नाहीत. नोंदी आम्ही चालूच ठेवल्या आहेत.

इमारतीतल्या इतर घरांच्या डब्यांवरचा आरएक्स पॉवर आता मी विचारून लिहून घेते. बहुतेक जण वीस ते चोवीसमध्ये आहेत. पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे मात्र उणे २७.१ आहे, आणि त्यांचा नातू ऑनलाइन वर्गात सारखा अडकतो अशी त्यांची जुनी तक्रार आहे. त्यांची वायरही त्याच जॉइंट बॉक्समधून जाते. लाइनमनला फोटो पाठवला आहे. शनिवारी सकाळी हिरवा कनेक्टर घेऊन येतो म्हणाला.